तो माणूस गेटवर आला होता

९ फेब्रुवारी १९९८, सकाळचे साडेनऊ. देवपूर, धुळे. हिलाल नानांच्या दारात हजर: नानांचे दोन मुलगे, दोन्ही सुना, मुलगी आणि जावई. पलटणीत नानांबरोबर असलेले तिघे. आमच्या बंद पडलेल्या सूतगिरणीतले अकरा जण, त्यात बाई मी एकटीच. गल्लीतले पंचवीस-तीस. नानांच्या पत्नी, आमच्या वहिनी, आत, बायकांत. पुंडलिक भाऊ नाही.

ही यादी मी तिथंच उभ्या उभ्या केली. कुणी सांगितली नव्हती. गिरणीच्या टाइम ऑफिसात एकोणीस वर्षं हजेरीपट सांभाळल्यावर चार माणसं एका जागी दिसली की हात आपोआप पिशवीतल्या वहीकडे जातो. सकाळी सहाला नानांचा धाकटा मुलगा सायकलवरून आला आणि फाटकातूनच म्हणाला, "सुमनताई, नाना पहाटे गेले." मी गॅस बंद केला, आता जिथं काम करते त्या शाळेत रजेची चिठ्ठी पाठवली, शेजारी किल्ली दिली आणि चालत निघाले. रडू आलं नाही. वाटेत एकच गोष्ट डोक्यात होती... पुंडलिक भाऊला आता कोण सांगणार? नाना गेले, हे नव्हे. ते कुणीही सांगेल. दुसरं, जे सांगायचं नानांनी नऊ वर्षं ठरवलं आणि सांगितलं नाही.

नानांबद्दल चांगलं लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. ते येईलच. पण हा लेख त्या दुसऱ्या गोष्टीसाठी आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणाची फसवणूक नको.

गिरणी धुळ्याबाहेर होती. नाव लिहीत नाही. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात तिच्या रुईच्या गोदामाला आग लागली आणि दोन हमाल आत राहिले. आग कशी लागली ते नंतर कळलं. बाहेरच्या एका ट्रकचा क्लीनर सावली बघून गोदामात आडवा झाला होता आणि त्यानं विडी पेटवली होती. तो आत शिरला तेव्हा गेटवर दोघं होते. दोघांनाही वाटलं, कुणाचा तरी असेल. त्या दोन हमालांची नावं हजेरीपटावरून कमी करायचं काम माझ्याकडे आलं. लाल शाईनं आडवी रेघ मारायची आणि पुढे तारीख घालायची. ते काम मी केलं आणि घरी जाऊन दोन दिवस जेवले नाही.

त्यानंतर नाना आले. सुरक्षा अधिकारी म्हणून. सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, ठेंगणे, कान मोठे, चालताना उजवा पाय किंचित बाहेर टाकणारे. कागदावर त्यांचं मराठी एकदम सरकारी आणि बोलताना मात्र पक्की अहिराणी. पहिल्याच दिवशी माझ्यासमोर बसून त्यांनी तीन नियम टाइप करून घेतले. काडेपेटी आत जाणार नाही. चिठ्ठीशिवाय माणूस आत जाणार नाही. ड्यूटीवरचा माणूस गेट सोडणार नाही, सोडलं तर त्याच दिवशी घरी. तिसऱ्या नियमाला मी म्हटलं, "नाना, फार कडक होतंय." ते म्हणाले, "माय, त्या दोन जणना घरना लोकेसले जाई विचार, कडक काय ऱ्हास ते." मी तसंच टाइप केलं.

पण नियम लावून नाना स्वस्थ बसणारे नव्हते. आठवड्यानं ते एक कोरी वही घेऊन आले आणि रकाने आखायला सांगितले. तारीख, कोण पाठवला, काय बनून गेला, कुठवर पोचला, कुणी अडवला, कुणी सोडला. गिरणीला अनोळखी अशी माणसं, साक्रीकडचे, शिरपूरकडचे नात्यातले लोक, नाना गोळा करायचे. त्यांच्या खिशात लाल कागद चिकटवलेली रिकामी काडेपेटी द्यायचे आणि सांगायचे, ही गोदामातल्या गाठीवर ठेवून परत या. भिंत चढायची नाही, कुलूप तोडायचं नाही, गेटवरूनच जायचं. नुसतं बोलून. "कुलूपले मी काय इचारू?" नाना म्हणायचे. "मी माणूसले इचारस, भाऊ, पाणी भेटी का?"

पहिले तीन महिने ती वही वाचवत नव्हती. वीज मंडळाचा वायरमन बनून शिडी घेऊन एक जण गेला, तर आमच्या गेटवाल्यानं शिडीचं दुसरं टोक धरून ती गोदामापर्यंत पोचवून दिली. एक जण मुलगा पास झाल्याचे पेढे घेऊन आला. गेटवर दोघांना दोन-दोन पेढे दिले आणि "आत भाऊलाही तोंड गोड करून येतो" म्हणत निघून गेला. भाऊ कोण, हे कुणी विचारलं नाही. एक जण तर काहीच बनला नाही. गेटवर टेकून त्यानं गेटवाल्याला "कोणतं गाव?" एवढंच विचारलं. आपल्याकडे माणसाला "तू कोण" असं तोंडावर विचारणं बरं दिसत नाही, गाव विचारतात, आणि गाव सांगितलं की तिसऱ्या वाक्याला कुणाची तरी मावशी निघते. त्या गेटवाल्याची निघाली. मग मावशीच्या गावच्या माणसाला चिठ्ठी काय मागायची?

नाना यासाठी कुणाला घालूनपाडून बोलत नसत. दुसऱ्या दिवशी गेटजवळच्या बाकावर त्या माणसाशेजारी जाऊन बसायचे, चहा मागवायचे, आणि काडेपेटी हळूच मध्ये ठेवायचे. पेढेवाल्या प्रकरणातल्या गेटवाल्याला त्यांनी फक्त विचारलं, "काय भाऊ, गोड व्हतात का पेढा?" तो बिचारा महिनाभर पेढ्याचं नाव काढलं की लाल व्हायचा. पहिल्या चुकीला नोकरी घालवायची नाही, हे नानांनी साहेबांकडून कबूल करून घेतलं होतं. आणि आपल्या माणसांनाही त्यांनी एक बंधन घातलं होतं: देवाचं आणि मरणाचं नाव घेऊन आत शिरायचं नाही. "ते करशात तर कोन बी उघडी. त्यामा गेटनी परीक्षा नही ऱ्हास." हे वाक्य मी त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं.

वर्षभरात फरक पडला. लोक विचारायला लागले. एकानं खुद्द चेअरमनच्या मेहुण्याला उन्हात पाऊण तास उभा केला, तेव्हा नानांनी त्या गेटवाल्याला सगळ्यांसमोर सलाम ठोकला. पण सगळ्यांत पक्का निघाला पुंडलिक भाऊ. यावलजवळच्या एका खेड्यातला, तेव्हा चाळिशीचा, उंच, बोलायला मऊ. त्याच्याजवळ आवाज चढवण्याचा प्रकारच नव्हता. माणूस कितीही गोड बोलो, कितीही डोळे वटारो, पुंडलिकचं एकच, "बरोबर आहे तुमचं, पन चिठ्ठी?" एकदा नानांनी घरून वहिनींनाच डबा घेऊन पाठवलं. वहिनी गेटवर म्हणाल्या, "अरे, मी तुमच्या नानांची बायको." पुंडलिकनं त्यांना सावलीत खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, "वहिनी, नानाच्या मंडळी असान तुम्ही. पन डबा अठीच राहीन, अन् तुम्हीबी." वहिनी घरी गेल्यावर नानांशी दोन दिवस बोलल्या नाहीत म्हणे. नाना मात्र ती गोष्ट भेटेल त्याला सांगत सुटले. पुंडलिकचं नाव "कुणी अडवला" या रकान्यात सात वेळा लागलं. "कुणी सोडला" या रकान्यात एकदाही नाही.

एकोणनव्वदच्या सुरुवातीला नवे साहेब आले. विम्याची तपासणी व्हायची होती. साहेबांनी वही चाळली आणि बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाले, "नाना, तुमचा पुंडलिक आता तुमच्या माणसांना ओळखायला लागलाय. चोर काय तुम्हाला विचारून येणार आहे?" नाना हसले नाहीत. बैठक संपल्यावर माझ्या टेबलाशी आले, उभेच राहिले. "यादीबाई," ते मला असंच म्हणायचे, "पुंडलिकले काय हालावी?"

इथून पुढचं मला नीट लिहायला हवं, कारण यात मी आहे.

मी म्हणाले, "स्वतःसाठी तो हलणार नाही. दुसऱ्यासाठी हलेल." आणि कपाटातून युवराजची फाइल काढली. युवराज हा सूत कातणाऱ्या रिंगफ्रेमवर काम करणारा तरुण, पुंडलिकच्याच गावचा. पुंडलिकनंच शब्द टाकून त्याला लावलं होतं. फाइलमध्ये वारसाच्या अर्जावर आईचं नाव होतं: सोनाबाई. गावात सगळे तिला सोनाअक्का म्हणतात, हेही मला माहीत होतं, कारण रजेच्या अर्जात युवराजनं एकदा तसंच लिहिलं होतं. तिला दम्याचा त्रास होता. तेही रजेच्या अर्जातच होतं. हे सगळं मी एका कागदावर उतरवून नानांना दिलं. मला तेव्हा वाटलं, मी किती व्यवस्थित काम केलं. वहीच्या पहिल्या पानावरचं बंधन मला आठवत होतं. नानांनाही आठवत असणार. दोघंही बोललो नाही.

बेत असा होता. नानांचे साक्रीचे मेहुणे, ज्यांना गिरणीत कुणी पाहिलं नव्हतं, ट्रक ड्रायव्हर बनून दुपारी गेटवर येणार, पुंडलिकचा जोडीदार जेवायला गेला असताना. ते सांगणार की फैजपूरहून केळी घेऊन आलो, तुमच्या गावच्या फाट्यावर एका माणसानं निरोप दिलाय, युवराजची आई गेली. पुंडलिक आत जाईल. तेवढ्यात मेहुणे गोदामात काडेपेटी ठेवतील, नाना तिथं उभे असतील. आणि रिंगफ्रेमच्या दारात मी उभी राहून पुंडलिकला अडवणार, युवराजच्या कानावर काही जायच्या आत. कुणी कुठं उभं राहायचं याची यादीही मीच केली होती. दारापुढे माझं नाव होतं.

मे महिना होता. मेहुण्यांनी नंतर सांगितलं, पुंडलिकनं लगेच विश्वास ठेवला नाही. "निरोप कोनाचा?" विचारलं. "म्हातारीचं नाव काय सांगतलं?" विचारलं. मेहुणे म्हणाले, सोनाअक्का.  तेव्हा पुंडलिकनं मोठ्या गेटला कुलूप लावलं, किल्ली कनवटीला खोचली. पण मरणाचा निरोप आणणाऱ्या माणसाला उन्हात गेटबाहेर कसं उभं करायचं? त्यानं मेहुण्यांना लहान दारातून आत घेतलं, केबिनमध्ये बसवलं, माठातलं पाणी दिलं आणि म्हणाला, "भाऊ, बसा, मी आलोच." केबिनमध्ये फोन होता. आत फोन लावून युवराजला बोलावता आलं असतं. पण आपल्याकडे हे असं फोनवर सांगत नाहीत. ओळखीच्या माणसानं जायचं, हात धरायचा आणि "गेली" न म्हणता घरी न्यायचं. पुंडलिक तेच करायला निघाला.

मी दारात उभी होते. तो लांबूनच येताना दिसला, टोपी हातात, तोंड पडलेलं. मी पुढे झाले, म्हटलं, "पुंडलिक भाऊ, थांबा." तो म्हणाला, "ताई, आता नका थांबवू मले. युवराजची माय गेली." दारापाशी पाच-सहा कामगार होते. त्यांच्यासमोर "ही खोटी बातमी आहे, आम्ही पाठवलीय" असं म्हणायला माझी जीभ वळली नाही. मला वाटलं, त्याला बाजूला घेऊन सांगू... तेवढ्यात तो आत शिरला. त्या यंत्रांच्या आवाजात हाक मारून उपयोग नसतो. मी धावले, पण पुंडलिकनं युवराजचा हात धरला होता, त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी म्हणाला होता, आणि युवराज नुसता त्याच्याकडे बघत होता. नंतर कळलं, तो एवढंच म्हणाला होता, "अक्काले बरं नाही, घरी चाल." त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. मागच्या, मालाच्या फाटकाशी सुताच्या गाठी भरून जळगावला निघालेला ट्रक उभा होता. युवराजसमोर सांगायचा मला धीर झाला नाही, मी गोदामाकडे धावले; नानांना घेऊन येईपर्यंत पुंडलिकनं युवराजला त्यात बसवून दिलंही होतं. आम्ही ट्रकची धूळ पाहिली.

 

नानांनी ताबडतोब जीप मागितली. साहेबांनी दिली नाही. "जाईल, आईला बघेल, परत येईल. उलट म्हातारीचं आयुष्य वाढलं समजा." असं म्हणून ते हसलेही. आणि ही चाचणी होती हे कुणाजवळही बोलायचं नाही, अशी ताकीद दिली. विम्याचे लोक चार दिवसांवर आले होते. युवराजनं मात्र घरी पोचण्याआधी फाट्यावरून शेजारच्या गावी दिलेल्या बहिणीला निरोप धाडला, रीतीप्रमाणे. तिला सातवा महिना होता. ती त्या उन्हात रडत, धावत माहेरी निघाली. सोनाअक्का दारात बसून डाळ निवडत होती. ती हयात होती, ती अजूनही हयात आहे. बहिणीचं बाळ राहिलं नाही.

हे आम्हाला पाचव्या दिवशी कळलं. त्याआधी नाना रोज म्हणत होते, उद्या सांगून टाकू. त्या दिवसानंतर 'उद्या' म्हणाले नाहीत.

चौकशी झाली. पुंडलिकवर दोन आरोप होते. गेट सोडलं, आणि युवराजच्या कुटुंबाबद्दल खोटी बातमी पसरवली. पुंडलिक पुन्हा पुन्हा सांगत होता, एक ट्रकवाला आला होता, उंचीनं असा, मिशी अशी, पाणी पिऊन गेला. त्या माणसाला दुसऱ्या कुणीही पाहिलं नव्हतं. बाहेर ट्रकही कुणाला दिसला नव्हता, कारण मेहुणे एसटीनं आले होते. साहेबांनी नानांना विचारलं, "गेट सुटलं होतं का?" नाना म्हणाले, "सुटलं होतं." तेवढंच. मी टेबलाच्या टोकाला बसून लिहून घेत होते. पुंडलिक नानांकडे बघत होता, नाना माझ्या लेखणीकडे बघत होते. मग मी वर पाहिलं नाही. त्याच संध्याकाळी मी वहीतली नोंद पुरी केली. कुठवर पोचला: गोदाम. कुणी सोडला: पुंडलिक. का सोडला, याला रकाना नव्हता. तो मीच आखला नव्हता.

पुंडलिक गावी गेला. नोकरी गेली ते एक वेळ माणूस निभावतो. पण ज्या गावात राहायचं त्याच गावात युवराजचं घर, त्याच गावात सोनाअक्का. लोकांच्या लेखी ट्रकवाला असा कुणी नव्हताच. कामावर झोपला असेल, गेट उघडं सापडलं असेल, म्हणून पुंडलिकनं एक भाकडकथा रचली आणि जित्या बाईला मारलं, असं ठरून गेलं. ज्या पोराला त्यानं कामाला लावलं तो समोरून आला तर रस्ता बदलायचा. पुढं पुंडलिकच्या मुलीचं एक ठरत आलेलं लग्न याच गोष्टीवरून मोडलं, हे मला गिरणीतल्याच एकानं सांगितलं. मी ते नानांना सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. पण मी सांगितलं.

नानांनी त्या दिवाळीला राजीनामा दिला. कारण लिहिलं: प्रकृती. तोवर त्यांची प्रकृती उत्तम होती. देवपूरच्या घरी ते नुसते बसून असायचे. ज्या माणसानं आम्हाला प्रत्येक येणाऱ्याला "चिठ्ठी?" विचारायला शिकवलं, त्याच्या घराचं दार सकाळपासून सताड उघडं असायचं. कुणीही यावं, नाना "कोण" म्हणून विचारायचे नाहीत, पाण्याचा तांब्या पुढे करायचे. एकदा एक भामटा देवळाची वर्गणी म्हणून घड्याळ घेऊन गेला. सुना कावल्या. नाना म्हणाले, "जाऊ द्या, त्याले बी काम व्हई." लोक याला नानांचं मोठं मन म्हणत. मी काही म्हणत नसे.

दर रविवारी मी जायची. वहिनी चहा करायच्या. पहिली काही वर्षं पुंडलिकचा विषय निघायचा, मग निघेनासा झाला. पण मला माहीत होतं, नाना दोनदा यावलला निघाले होते. एकदा जळगावच्या स्टँडवर यावलच्या गाडीत बसून गाडी सुटायच्या आधी उतरले. दुसऱ्यांदा यावलपर्यंत पोचले, तिथून पुंडलिकचं गाव तासाभराच्या पायवाटेवर, आणि ते केळीचा एक डझन घेऊन परत आले. "काय म्हनू त्याले जाईसन?" त्यांनी मला विचारलं. "माफ कर, म्हनू? त्या पोरकडथून कोन माफ करी?" पोर म्हणजे न जन्मलेलं ते. मी म्हटलं, "नाना, पुंडलिकचं नाव तरी साफ होईल. युवराजला आपण सांगू, पंचायतीत सांगू, काय म्हणायचं ते आपल्याला म्हणतील." नाना म्हणाले, "हो. या दिवाळीनंतर." मेहुणे तीन वर्षांपूर्वी गेले. तेव्हाही नाना असंच म्हणाले.

गेल्या गणपतीत नानांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. दोन शब्दांत कुणाचंही दार उघडणारा माणूस, आणि पाणी मागायलाही बोट दाखवायला लागायचं. त्या चार-पाच महिन्यांत मी त्यांना रडताना पाहिलं, एरवी कधी नाही. जानेवारीतल्या एका रविवारी त्यांनी माझी वही ओढून घेतली आणि डाव्या हातानं, लहान मुलासारखं, मोठं मोठं लिहिलं: यावल. मी म्हटलं, "मी जाईन, नाना." त्यांनी मान हलवली. नको म्हणून की बरं म्हणून, ते कळलं नाही. अजूनही कळत नाही.

तेरावं झाल्यावर मी गेले. सकाळची गाडी, जळगावला बदल, यावलहून रिक्षा. पुंडलिक भाऊ गावाच्या वरच्या अंगाला, सातपुड्याकडच्या एका बागेत, केळीचे घड वाहत होता. पन्नाशीतच म्हातारा दिसायला लागलाय. मला पाहिल्यावर घड खाली ठेवला, हात पुसले. "अवो ताई! तुम्ही अठी कशा?" मी ठरवलेली वाक्यं घेऊन गेले होते, कागदावर क्रमानं लिहिलेली. पहिलं वाक्य होतं, नाना गेले. ते म्हटलं.

तो खाली बसला, बांधावर.  मग म्हणाला, "ताई, तुम्हाले एक सांगू? माह्यावर कोनीच भरोसा ठेवला नाही. माही बायको बी कधी कधी म्हन्ते, खरं सांगा, कोन आलं होतं? एकट्या नानानं ठेवला. मी निघालो त्या दिवशी स्टँडपावत आले, माही पेटी धरली, अन् म्हने, 'पुंडलिक, तो माणूस गेटवर आला होता. मले माहीत आहे.' नाना बाकी काही बोलले नाही. पन त्या एका बोलन्यावर मी नऊ वर्षं काढली, ताई. एका मानसाले तरी माहीत होतं का मी खोटं बोललो नाही."

हे मला नानांनी कधी सांगितलं नव्हतं.

माझ्या हातातला कागद मी घडी करून पिशवीत ठेवला. त्याच्या घरी गेले, चहा घेतला. त्याच्या मुलीसाठी एक नऊवारी पातळ आणि त्याच्या बायकोला दाखवायला म्हणून नानांचा एक फोटो नेला होता, दोन्ही दिलं. पुंडलिकनं फोटो देवाच्या फळीवर ठेवला, कृष्णाच्या तसबिरीशेजारी.  संध्याकाळच्या गाडीनं परत आले.

हा लेख वर्तमानपत्राच्या पुरवणीला द्यायचं मी त्याआधीच कबूल केलं होतं. परत आल्यावर संपादकांकडे गेले आणि सांगितलं की छापा, पण मला पंधरा दिवस द्या. त्यांनी विचारलं, नावं बदलायची का? मी म्हटलं, पुंडलिकचं बदलायचं नाही. त्याचं नाव धुऊन निघायचं असेल तर तेच नाव छापून यायला हवं, आणि गावातल्या कुणीतरी ते युवराजला आणि सोनाअक्काला वाचून दाखवायला हवं. पण पुंडलिकच्या हाती हा कागद पडायच्या आधी मला त्याच्यासमोर बसून सगळं सांगायचं आहे. नाना, मेहुणे, मी, ती फाइल, ते दार. नानांचा फोटो त्याला फळीवर ठेवावासा वाटतो की काढावासा, हे ठरवायला त्याला दोन दिवस तरी मिळायला हवेत.

मागितलेल्या पंधरांपैकी आज तेरावा दिवस. पिशवी भरलेली आहे. सकाळच्या गाडीची वेळ विचारून ठेवली आहे. मी अजून गेलेले नाही.